एकटीला न फिरणारं जातं

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. निपाणीजवळच्या एका लहान गावात, ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराच्या पडवीत मी बसून आहे. बसून म्हणजे अगदी ठाण मांडून. माझा वरचा दगड उचलायला दोन गडी लागतात आणि हे सांगताना मला आजही थोडा गर्व होतो. खोटं कशाला बोलू?

संकेश्वरकडच्या टेकाडावरचा काळा दगड फोडून कल्लाप्पा पाथरवटाने मला घडवलं. दुष्काळाची वर्षं तेव्हा नुकतीच सरली होती. सुगी झाली की मंडळी हंगामाचा सण करायची. नव्या धान्यातलं पहिलं माप देवापुढे ठेवायचं आणि त्याच्याच भाकऱ्या करून सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, असा रिवाज. एवढं दळण घरच्या जात्यावर कसं व्हावं? म्हणून मंडळीचे धर्मगुरू परशराम पाळक यांनी कल्लाप्पाला सांगितलं, "जरा थोरलं कर." कल्लाप्पाने ते फारच मनावर घेतलं. मी इतकं जड झालं की एकट्या बाईला हलेना. दोघींनी समोरासमोर बसून एकच खुंटा धरला तरच मी फिरणार. बायकांनी आधी कल्लाप्पाला भरपूर नावं ठेवली, मग त्यांना सवय झाली.

माझी लाडकी जोडी म्हणजे मनुबाई आणि राजाबाई. दोघींची घरं पडवीसमोरच, भिंतीला भिंत लागून. मनुबाई अबोल, तर राजाबाईच्या तोंडाला खळ नाही. एकीचा हात थकला की दुसरी न सांगता जोर लावायची, आणि पीठ कसं मऊसूत पडायचं! मनुबाईची लेक सत्यवती माझ्याभोवती सांडलेलं पीठ बोटाने टिपून नाकाला फासायची. सगळे तिला सत्या म्हणत. मला ती फार फार आवडायची.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरांत माणसं आडवी झाली. मनुबाईचा नवरा औषध आणायला निपाणीला गेलेला. मनुबाई स्वतः तापाने फणफणलेली, विहिरीपर्यंत चालवेना, आणि घरात सत्या पाण्यासाठी कासावीस. भिंत धरत धरत मनुबाई शेजारच्या दाराशी आली.

"राजाक्का, पोरीला तांब्याभर पाणी दे गं. उंबऱ्यावर ठेव नुसतं. मी लांबनंच घेते."

दार उघडलं नाही. आतून कडी आणखी घट्ट ओढल्याचा आवाज तेवढा आला. मी तो ऐकला, मनुबाईनेही ऐकला. दिवस मावळायच्या आत सत्या गेली.

पाणी मिळून ती वाचली असती का, कोण जाणे. पण पोर तहानलेली गेली, हे मनुबाईच्या काळजात रुतून बसलं. साथ ओसरली. राजाबाईला कोणी काही बोललं नाही, आणि तिच्याशीही कोणी बोललं नाही. थोड्याच दिवसांत घराला कुलूप लावून ती नवऱ्या-पोरांसह निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेली.

कितीतरी वर्षांनी, हंगामाच्या सणाच्या आदल्या दुपारी ती परत आली. नवरा वारला होता, पोरं आपापल्या वाटेने गेली होती. वखारीतल्या धुळीने तिला खोकला जडला होता. पडवीत बायका धान्य पाखडत होत्या. राजाबाई खालमानेने म्हणाली, "सणाचं दळण करू द्या मला. मग जाते माघारी."

ती माझ्यासमोर बसली. मूठभर जोंधळे घातले आणि दोन्ही हातांनी खुंटा ओढू लागली. मी हलेना. आपल्या वजनाची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"कुणी बसू नगा गं तिच्या म्होरं," बायाक्का म्हणाली. ती मंडळीतली सगळ्यांत वडीलधारी आणि सगळ्यांत फटकळ. कोणीच उठलं नाही. परशराम पाळक दरसाल क्षमेवर सुरेख उपदेश करत. त्या दुपारी मात्र ते नुसती टोपी काढत होते आणि घालत होते.

तेवढ्यात मनुबाई पाण्याची घागर घेऊन आली. घागर खाली ठेवून ती राजाबाईसमोर उभी राहिली.

"दार का उघडलं न्हाईस?"

"भ्या वाटलं. माझी पोरं लहान हुती."

"माझी सत्या पाणी पाणी करत गेली."

"व्हय. भिंतीपल्याड ऐकू येत हुतं मला. अजून येतंय."

बायकांच्या हातांतली सुपं थांबली. मनुबाई खाली बसली आणि तिने खुंट्यावर राजाबाईच्या हाताला लागून आपला हात ठेवला. "माघारी कुठं जातीस?" ती म्हणाली. "ओढ आता."

मी फिरलं, मित्रांनो! पण सगळं झटक्यात नीट झालं असं समजू नका. मध्येच मनुबाईने खुंटा सोडला आणि ती भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊन रडली. राजाबाई हात न हलवता थांबून राहिली. मनुबाई परतली, दळण पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पंगतीत मनुबाईने तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि राजाबाईच्या घराचं कुलूप निघालं. पुढच्या सणाला तर खुद्द बायाक्काच तिच्यासमोर येऊन बसली. "खोकत खोकत दळतीस, पिठात थुकशील," असं करवादली खरी, पण दळण संपेपर्यंत उठली नाही.

आता गावात गिरणी आली आहे. देश स्वतंत्र झाल्याचे पेढेही परवा याच पडवीत वाटले. मला कोणी फारसं विचारत नाही. माझी पायरी करायची, असं काहींच्या मनात आहे. तसं करू नका, एवढीच विनवणी. वर्षातून एकदा मूठभर दाणे घाला आणि ज्यांचं एकमेकींशी पटत नाही अशा दोघींना माझ्यापाशी बसवा.

परवा पेढा खाता खाता बायाक्काच्या नातीने मनुबाईला विचारलं, "आज्जी, राजाआज्जीला तू माफ केलंस व्हय?"

मनुबाई आता पार थकली आहे. माझ्या कडेवर हात टेकून ती म्हणाली, "अजून चालूच हाय की गं. रोज उठून करावं लागतंय."

शेजारी गहू निवडणारी राजाबाई मान वर न करता म्हणाली, "म्हणून तर मी रोज येतीया."