एका खोलीत दोन यंत्रे

“मामा, हे बघा तुमचं बिल!” अंबिकाने वीजबिलाचा कागद शेषेरावांच्या हातात अक्षरशः कोंबला. “जुन्या ए.सी.च्या निम्मं यील म्हणला होता. दुप्पट आलंय!”

उदगिरात कूलर आणि ए.सी. दुरुस्त करण्यात शेषेरावांची तीस वर्षे व्यतीत झाली होती. शाळा सातवीतच सुटली. परंतु त्यांच्या शब्दावर विसंबून माणसे डोळे झाकून यंत्रे घेत. या घरातील कमी वीज खाणारा ए.सी. त्यांनीच निवडून बसविला होता. आज तो शब्दच पणाला लागला होता.

त्यांनी जाळी काढून पाहिली, वायूचा दाब तपासला. यंत्र निर्दोष होते. मग त्यांची दृष्टी खाटेपलीकडे गेली. तेथे एक जुनाट लोखंडी कूलर काठोकाठ पाण्याने भरून घरघरत होता. खाटेवर अंबिकाच्या सासूबाई, जगदेवी बसल्या होत्या.

“अक्का, दोन्ही एकदमच लावता?”

“हाव. दोन्ही मिळून जास्त गार पडतंय की.”

शेषेरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “अवो, हा ओल सोडून राहिला, न् त्यो वरचा तीच ओल उपसून राहिला! एकानं हौद भरायचा, दुसऱ्यानं रिता करायचा. मरमर करून राहिलाय बिचारा दिवसभर!”

“म्हंजी मशीनीची चूक न्हाई, आत्याबाईची हाय,” अंबिका हसली. जगदेवींनी मान खाली घातली.

“आठ दिस कूलर बंद. ए.सी. सव्वीसवर. निम्मं न्हाई आलं तर मशीन खांद्यावर घालून नेतो, न् ही पाने-पक्कड विहिरीत टाकून देतो.”

“विहीर कुठं राहिली आता? बोरात टाका!”

शेषेरावांनी मीटरचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहिला आणि ते ताठ मानेने बाहेर पडले.

नवव्या दिवशी ते आले. भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहता आठ दिवसांत जळालेली वीज आधीच्या निम्म्याहूनही कमी होती.

“जिंकलात मामा! चहा ठिवते,” असे म्हणून अंबिका आत गेली.

विजयाच्या आनंदात शेषेराव खोलीत आले. जगदेवींचे डोळे सुजलेले होते.

“गार पडत न्हाई का, अक्का?”

“पडतंय. झोप लागंना.” त्या कूलरकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या, “म्होरच्या दुकानात हाच चालायचा. भिंतीपल्याड घरघर आली की समजायचं, मालक गादीवर बसलेत. ते लिंगैक्य झाले, दुकान मिटलं, तवा ह्याला आत आणला. गारव्यासाठी न्हवता आणला, शेषेराव.”

जगदेवींचे पती माणिकप्पा यांच्या निधनाला वर्ष होत आले होते. शेषेराव कूलरजवळ गेले. ते खाली बसले. त्यांनी कूलरमधील पाणी उपसून काढले, पाणी चढविणाऱ्या मोटारीची तार तोडून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबले. कोरडा पंखा घरघरू लागला.

चहा घेऊन आलेली अंबिका दारातच थबकली. “अगाई! पुन्हा लावलात?”

“ओल न्हाई आता. नुस्ता पंखा हाय. लई थोडी वीज खातंय.”

“पर गरज हाय का त्याची?”

गरज नसलेले यंत्र गरजेचे आहे असे शेषेरावांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते.

“हाय,” ते ठामपणे म्हणाले. “हवा फिरती पाहिजे. बिल वाढलं तर मला बोलव.”

अंबिकाने मान डोलावली. मामा म्हणतात म्हणजे असेलच.

चहा संपेपर्यंत जगदेवी भिंतीकडे तोंड करून कलंडल्या होत्या. त्यांचा श्वास संथ झाला होता. शेषेरावांनी पाने एकेक करून पिशवीत ठेवले, लोखंडावर लोखंड वाजू नये म्हणून मध्ये फडके घातले, आणि चपला हातात घेऊन ते उंबऱ्याबाहेर आले.