घासून ठेवलेल्या बाटल्या

“तुझी बहीण घरकाम फार करायला लागलीय गं. जरा लक्ष ठेव,” सासूबाई म्हणाल्या.

ताई “हो” म्हणाली आणि मनात म्हणाली, आला टोमणा! माहेरचं माणूस सासरी राहायला आलं की आज ना उद्या काहीतरी ऐकावं लागणार, हे तिने आधीच धरून ठेवलं होतं. त्यामुळे ते बोलणं तिने कानाआड केलं.

बोलण्यात वावगं असं काय होतं? धाकटी बहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज या गावात, म्हणून ताईकडे राहत होती. सकाळी पाठीला सॅक, हातात डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायची आणि संध्याकाळी आल्या आल्या बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळायला ठेवायची. दुपट्यांच्या घड्या घालायची. ओटा इतका घासायची, की त्यात तोंड दिसावं. बाळाला दात येत होते, ताईची झोप पार गेली होती. अशा दमलेल्या बाईला हे हात म्हणजे देवच पावला म्हणायचा!

“झाला का गं अभ्यास?” ताई रोज विचारायची.

“हो.”

एवढ्यावर विषय मिटायचा. शाळेत कायम पहिली आलेली पोर, तिला काय विचारायचं? बाळाची शिंक जरा वेगळी आली तरी ताईला कळायचं. पण छोटी ताटातला घास नुसता इकडून तिकडे सारतेय, हे समोर बसूनही तिला दिसलं नाही. बाबांचा फोन आला की ताईच सांगून टाकायची, “एकदम मस्त चाललंय तिचं! काळजीच नको.” छोटी तिथेच उभी असायची, बाटलीत ब्रश फिरवत.

एका दुपारी ताई बाळाला लस द्यायला सरकारी दवाखान्यात गेली. केसपेपर काढला, बाळाला खांद्यावर टाकलं आणि बसायला जागा शोधू लागली. शेवटच्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसली होती. मांडीवर सॅक, सॅकवर उघडा डबा. तो डबा ताईनेच सकाळी भरला होता.

“तू? इथे? बरं नाही का तुला?”

छोटीचा चेहरा पांढरा पडला. “तास... तास सुटला आज लवकर.”

तेवढ्यात नर्सबाई हसत म्हणाल्या, “तुमची कोण ही? अहो, रोज येते. आम्ही म्हणतो, हिचा नंबर कसा काही येतच नाही! विचारलं तर म्हणाली, आजीला आत ठेवलंय.”

दोघी बहिणींच्या आज्या जाऊन कैक वर्षं झाली होती.

ताईच्या जिभेवर चार शब्द आलेही होते. पण बाळ खांद्यावर झोपलं होतं, म्हणून तिला हळूच बसावं लागलं. बसली, म्हणून तिने बहिणीकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं. गालांची हाडं वर आलेली. हे कधी झालं?

“इथेच का गं?” एवढंच तिने विचारलं.

“इथे कुणी विचारत नाही, का बसलीस म्हणून,” छोटी म्हणाली. “बागेत बायका विचारतात. लायब्ररीत कॉलेजची मुलं भेटतात.”

“आणि कॉलेज?”

“मला काही कळत नाही, ताई. सर फळा भरतात, पुसतात, पुन्हा भरतात. सगळे माना डोलावतात, मग मीपण डोलावते. एकदा विचारलं तर सर म्हणाले, हे तुम्हाला शाळेतच यायला हवं होतं. मागून कुणीतरी हसलं. मग चाचणीत जेमतेम दोन गणितं आली. नंतर गेलेच नाही.”

“मला सांगायचं ना!”

“कसं सांगू? तू बाबांना सांगत होतीस ना, मस्त चाललंय म्हणून.” ती डब्याचं झाकण लावत राहिली, उघडत राहिली. “निदान बाटल्या तरी मला नीट धुता येतात.”



संध्याकाळी घरी सगळे बसले, तेव्हा ताईने दवाखान्यातलं सांगितलं. छोटी खोलीच्या दारात उभी. “मी परत जाते. परीक्षेला बसत नाही,” ती म्हणाली. ताईचा नवरा समजुतीच्या सुरात सुरू झाला, “अगं, जरा मेहनत केलीस तर...”

“तू गप्प बस!” सासूबाई कडाडल्या. “तू मेहनत केली नव्हतीस का? पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते तुझे!”

“आई!”

“आई काय? लग्नाआधी शपथ घातलीस, बायकोला सांगू नको म्हणून. पाळली इतके दिवस. आता नाही पाळत!” मग त्या सुनेकडे वळल्या. “त्या वर्षी हा घरातले सगळे पंखे पुसायचा. स्टूल घेऊन, रोज! मला वाटलं, किती गुणाचा! निकाल लागला तेव्हा कळलं. म्हणून तुला म्हटलं होतं, पोरगी काम फार करतेय.”

ताईची मान खाली गेली. तो टोमणा नव्हता!

छोटी भाऊजींकडे बघतच राहिली. “तुम्ही? नापास?”

“गणितात आणि मेकॅनिक्समध्ये,” तो डोकं खाजवत म्हणाला. “पंखे मात्र लखलखीत होते.”

किती दिवसांनी छोटी हसली, आणि हसता हसता रडली.

सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. “हे बघ बाई, शाळेत सर उत्तर लिहून देत होते, तू पाठ करत होतीस. ती एक रीत झाली. इथे रीत बदलली. नवी रीत शिकायला वेळ लागतो, त्यात अक्कल कमी पडली असं नाही होत. आणि चूक तुझ्या एकटीची नाही. आम्ही पास झाल्याचे कागद भिंतीवर लावतो आणि नापास झाल्याचं बोलतच नाही. मग पोरांना वाटतं, या घरात नापास झालेलं कुणी नाहीच. असं वाटलं की ती दवाखान्यात जाऊन बसतात!”

ताईने तिथल्या तिथे बाबांना फोन लावला. “बाबा, मी तुम्हाला रोज खोटं सांगत होते. तिला जड जातंय. आणि मी विचारलंच नाही.” बाबा म्हणाले, “जेवते ना पोर? आधी तिला फोन दे.”

दुसऱ्या दिवशी ताई कॉलेजच्या दारापर्यंत गेली. आत छोटी एकटीच गेली. ज्या सरांनी तिला गप्प केलं होतं, त्यांच्याकडे नाही; दुसऱ्या एका बाईंकडे. बाई म्हणाल्या, “बरं झालं आलीस. निम्म्या वर्गाला कळत नाही, पण विचारायला कुणी येत नाही.” जादू काही झाली नाही. परीक्षेत एक विषय राहिलाच. छोटीने ते सगळ्यांसमोर जेवताना सांगितलं, आणि भाऊजींनी विचारलं, “पंखे पुसणार का मग?” आता संध्याकाळी ती भाऊजींसमोर वही टाकून भांडते, “हे असं का? नाही कळलं, परत सांगा!” ओट्यावर बाळाच्या बाटल्या तशाच साठतात. ताई दमलेल्या हातांनी त्या घासते. त्या साठलेल्या बाटल्या बघून तिला किती बरं वाटतं, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

पोर कितवी आली हे आपण सगळ्यांना सांगतो, पोर कशी आहे हे मात्र तिला विचारत नाही. तुमच्याही घरात, शेजारात, नात्यात यंदा कुणीतरी कॉलेजला गेलं असेल. हुशार असेल, शहाणं असेल, विचारल्यावर “हो” म्हणत असेल. हे वाचून झालं की उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. अभ्यास झाला का, हे आज नका विचारू. तू कसा आहेस, तू कशी आहेस, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.