उतरलेला दिवस धरायचा

शर्वाणीने पासपोर्टचे पान अंगठ्याने सपाट दाबले आणि पुसट शिक्का खिडकीच्या उजेडात तिरपा धरला.

"पाच सप्टेंबरला मुंबईत उतरले. तेराला परत."

"एट डेज," पर्णिका म्हणाली. नऊ वर्षांची ती पोर फरशीवर दोन वर्षांची कॅलेंडरे पसरून केशरी स्केचपेनने चौकोन भरत होती.

"नऊ. उतरलेला दिवस धरायचा, उडालेलाही धरायचा. आजोबांचा नियम."

जेवणाच्या टेबलावर यतीन लॅपटॉपसमोर बसला होता. आठवडाभर शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीच्या फेऱ्या करून मिळालेला शनिवार भारतातल्या आयकर रिटर्नमध्ये चालला होता. तिथल्या भाड्याचे आणि ठेवींचे रिटर्न दोघांनाही दरवर्षी भरावे लागे. आजवर ते शर्वाणीचे वडील भरत. अण्णा मिरजेत चाळीस वर्षे करसल्लागार होते. शारजातून पासपोर्टचे फोटो पाठवले की दोन दिवसांत काम संपे. "नवरा-बायकोचं सगळं एक, रिटर्न मात्र ज्याचं त्याचं," असे दरवर्षी बजावून ते दोन वेगळ्या फायली करत.

"आता मोठा मुक्काम," यतीन म्हणाला. "तीन नोव्हेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी. आधीचे नऊ मिळवून मोज गं."

शर्वाणी उठली. एसी आधीच अठरावर होता, तरी रिमोट हातात घेऊन उभी राहिली.

"अंदाजे लिही ना. एकशे ब्याऐंशीच्या आत होते, एवढं पुरे."

"अण्णांचा जावई आहे मी. अंदाजे लिहिलं तर वरून फोन येईल."

ती हसली नाही. वर्षभरात भारतात एकशे ब्याऐंशी दिवस भरले, की माणूस तिथला रहिवासी धरला जातो आणि इथल्या पगारावरही तिथे कर लागतो, हे त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येक घराला पाठ होते. त्या आकड्यापुढे कुणी वाद घालत नसे; एकशे एक्क्याऐंशीला थांबायचे.

"वन ट्वेंटी-सेव्हन," पर्णिकाने जाहीर केले.

"परत मोज, पिल्लू."

"आय काउंटेड ट्वाइस, बाबा."

यतीनने स्वतः मोजले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू तर दिवस संपत आले म्हणून परत आलीस ना? मार्च अख्खा राहिली असतीस तरी बसलं असतं. एक एप्रिलपासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

अण्णा दोन एप्रिलला गेले होते. वर्ष बंद करून गेले, असे मिरजेत त्यांचे जुने पक्षकार कौतुकाने म्हणत होते.

"अण्णांनीच मोजले होते तेव्हा," शर्वाणी म्हणाली.

"हं. आजारी माणूस, होते चूक." यतीनचा आवाज मऊ झाला. "खलास. नको लावून घेऊस. फॉर्ममध्ये आधीच्या चार वर्षांचेही दिवस विचारलेत, अण्णांची वही आणतेस?"

वही कपाटात होती. तेराव्यानंतर बॅगेतून आली ती तशीच पिशवीत. शर्वाणी आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली.

अण्णांनी काहीच मोजले नव्हते. निदान तिची तशी समजूत होती. फेब्रुवारीत ते औषधांच्या गुंगीत असत. दिवसा दर्शना ही नर्स येई, बाकी वेळ शर्वाणीच. एका कुशीवरून दुसरीवर वळवताना ते लहान मुलासारखे तिचे मनगट धरून ठेवत आणि सोडत नसत. एका सकाळी ते मनगट सोडवून घेताना तिला कळले, की आपल्याला इथून जायचे आहे. मुलीचे कारण दिले असते तर "घेऊन ये तिला" म्हणाले असते. नोकरीचे दिले असते तर लॅपटॉपकडे बोट केले असते.

"अण्णा, एकशे ब्याऐंशी होत आलेत. उद्या निघायला हवं," ती म्हणाली होती.

त्यांनी डोळे मिटले. पांघरुणावर उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरत राहिला. जप चालला आहे, असे तिला वाटले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले,

"बरोबर आहे. नीघ तू. नियम म्हणजे नियम."

तिने पिशवीतून वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर अक्षर रेघ सोडून खाली घसरले होते, पण रकाने तेच होते.

शर्वाणी. २८ फेब्रुवारी, उडालेला दिवस धरून. १२७. शिल्लक ५४.

खाली, आकडा पक्का झाला की ओढत त्या दोन रेघा. वाकड्या, तरी दोन.

"सापडली?" बाहेरून यतीनने विचारले.

ती वही घेऊन आली आणि उघडे पान त्याच्यापुढे ठेवले.

"अण्णांची चूक नव्हती," ती म्हणाली.

यतीनने ते वाचले. तारीख पुन्हा वाचली. तिच्याकडे पाहिले नाही. चष्मा चढवून त्याने एक, दोन, सात अशी बटणे एकेक करून दाबली. पर्णिका स्केचपेनचे टोपण शोधत टेबलाखाली गेली.

"आधीचे सांग," तो म्हणाला.

शर्वाणीने पाने मागे उलटली.

"अकरा. त्याच्या आधी चौदा. त्याच्या आधी नऊ."

"आणि चौथं?"

तिने पानावर बोट ठेवले. त्या वर्षी तिच्या नावापुढे शून्य होते. शिल्लक, एकशे एक्क्याऐंशी. त्याखालीही अण्णांनी दोन सरळ रेघा ओढल्या होत्या.