नाल्याकाठचे पळस

अमरावतीच्या राजापेठेतली मी, बदली होऊन अकोल्यापलीकडच्या या खेड्यात आले तेव्हा शाळेचं मैदान नाल्याच्या घशात चाललं होतं. दर पावसाळ्यात काठ ढासळायचा. वनमहोत्सवात आलेले गुलमोहर आधीच्या गुरुजींनी मोठ्या हौसेने लावले होते. ते पहिल्याच पुराबरोबर गावाला रामराम करून गेले. मी पळसाच्या शेंगा वेचून आणल्या आणि काठाने बी टोचलं. पळस इथल्याच मातीतला, तो काठ धरून ठेवील अशी माझी खात्री होती.

तीन वर्षांत रोपं कमरेला लागली. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसे. एकट्या, बिनलग्नाच्या बाईकडे गावातलं कोणी बसायला येत नसे, आणि मलाही आर्जवं करायची सवय नाही. मग पळसांशीच बोलायची. वेड लागलं म्हणा हवं तर.

यंदा पोळ्याच्या संध्याकाळी काठावर गेले, तर नुसते खुंट. एकही रोप शिल्लक नव्हतं. पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्यांचे मेढे रोवायचे आणि सकाळी रोगराईसकट ते गावाबाहेर फेकायचे, ही इथली रीत. शहरात वाढलेल्या मला ती आठवलीच नाही. रानातला पळस लांब, माझा हाताशी.

मी तणतणत सरपंच किसनरावांकडे गेले. ते बैलांची झूल उतरवत होते.

"बाई, राग नोका येऊ देऊ," ते ओशाळून म्हणाले. "पोरायले वाटलं, बाईनं मेढ्यायसाठीच लावले. म्हनून तं पयला मेढा तुमच्याच दारी रोवला."

मी घरी आले. दाराशी खरंच पळसाची फांदी उभी होती. मी उंबऱ्यावर बसून रडले. रोपांसाठी रडले, आणि कोणीतरी माझ्या दारी आलं होतं, तेव्हा मी घरी नव्हते म्हणूनही.

सकाळी साऱ्या गावाने मेढे उपटून शिवेबाहेर नेले. मी माझा उचलून आत, कोपऱ्यात ठेवला. पाणी भरायला निघालेल्या शेजारच्या मैनाबाईने तो उघड्या दारातून पाहिला आणि ती थबकली.

"बाई, फेका थो. घरात ठेवला तं सारी इडापिडा तुमच्यापाशीच राहीन."

"राहू दे," मी म्हटलं. "तेवढंच घरात कोणीतरी."