रुद्रम्माची मासळी

आमच्या हळ्ळीखेडची थंडी हाडात शिरते. माझ्या सासूला, रुद्रम्मांना, त्या थंडीत दम लागायचा. आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात. मार्गशीर्षातली वेळअमावस्या झाली आणि हुमनाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडी सरेपर्यंत यांना उबदार हवेत न्या. डॉक्टरांच्या मनात फार तर सोलापूर असेल. अत्तींनी थेट समुद्र गाठला.

"मालवणला जाऊ. सत्यभामाअक्काकडं," त्या म्हणाल्या.

माझे यजमान चनमल्लप्पा म्हणाले, "अव्वा, तेवढ्या लांब?"

"डॉक्टर मला सांगितलाय का तुला?" अत्तींनी विचारलं. तिथंच विषय संपला. अत्तींनी एकदा ठरवलं की घरात पुढचं बोलणं फक्त सामानाचं होतं.

सत्यभामाबाईंची ओळख रझाकारांच्या धामधुमीतली. आम्ही घरदार टाकून सोलापूर गाठलं, तेव्हा स्टेशनाबाहेर उघड्यावर बसलेल्या आम्हाला राघोबांनी आपल्या घरी नेलं होतं. ते तिथं एका गिरणीत कारकून, सत्यभामाबाई त्यांची बायको. घर दोन खोल्यांचं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन सारं निवळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. माणसं मालवणची, मासळीशिवाय घास न उतरणारी. आणि आम्ही गळ्यात लिंग बांधलेले लिंगायत. मासळी शिजते त्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही. सत्यभामाबाईंनी पहिल्याच दिवशी मासळीची भांडी माळ्यावर टाकली आणि आम्ही असेपर्यंत खाली काढली नाहीत. आम्हाला पत्ताही नव्हता. गावी परतायच्या दिवशी शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं.

अत्तींना ते फार लागलं. "तिच्या तोंडचा घास काढून खाल्लाव आपण," असं त्या कितीदा तरी म्हणायच्या. पुढे राघोबा नोकरी सोडून मालवणला गेले, आणि अत्तींचं ते शल्य तसंच राहिलं. म्हणून निघताना त्यांनी पत्र्याचा डबा भरून कडक भाकरी घेतल्या, शेंगाचटणी घेतली, वर स्वतःची शेगडी घेतली. "ह्या वेळी तिच्या चुलीला माझी अडचण व्हायची न्हाई," म्हणाल्या. रेल्वे, मग छोटी रेल्वे, मग घाट उतरणारी मोटार, असा सगळा प्रवास ती शेगडी माझ्या मांडीवर होती. मी काय काय पुटपुटले ते इथे लिहीत नाही.

मालवणात उतरलो आणि अत्तींचा दम खरंच कमी झाला. माडांच्या सावलीतलं घर, पौषात पंखा घ्यावा अशी हवा. पण सत्यभामाबाई ओळखू येईनात. हिवतापातून नुकत्याच उठलेल्या. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तरी घर सारवलेलं, चूल नव्यानं घातलेली, कोरी भांडी मांडलेली. ताटात वरण, भोपळ्याची भाजी, नारळाची चटणी. मासळीचा वाससुद्धा नाही. अत्तींनी चुलीकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जेवल्या. त्यांचं मुकाट जेवणं मला ठाऊक होतं. मनात काही शिजत असलं की त्या अशाच जेवायच्या.

दुसऱ्या दिवशी राघोबा ओटीवर यजमानांना सांगत होते, "ताप गेला, पण हिच्या अंगात बळ नाही. वैद्य म्हणतात माशाचं सार द्या. ती घेतही होती. तुम्ही येणार हे कळलं आणि हिनं मासळीला उंबरा बंद केला. माझं ऐकत नाही. मी बोललो हे तिला सांगू नका हो, मला सोलून काढील."

अत्ती दाराआड होत्या. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या.

"अक्का, भांडी खाली काढ. मासळी शिजव."

"तू माझ्या घरात आहेस तोवर नाही."

"मग मी अंगणात शेगडी मांडते. माझं मी खाते."

"पाहुणी अंगणात? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"तर मग मी गावाला जायलाय."

"जा ना. घाटात दम लागून मेलीस की मी सुतक पाळीन, आणि तेव्हाही मासळी खाणार नाही."

दोघी चुलीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. आम्ही कुणी आत गेलो नाही.

सकाळी अत्तींनी लिंगपूजा केली, कपाळाला विभूती लावली आणि रिकामी टोपली माझ्या हातात दिली. "चल दर्यावर."

"कशाला?"

"मासळी आणायला. दारात मासळी आली तर टाकून देईल काय ती?"

मी टोपली परत त्यांच्यापुढे केली. "अत्ती, कामून असं करायलात? गावात कळलं तर मठाची पायरी चढू देतील का?"

"मीच सांगन गावात. व्हय, आणलाव म्हणून. चल."

किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. बायकांचा नुसता गलका; एकेका टोपलीवर दहाजणी तुटून पडत होत्या. त्यांची बोली आमच्या डोक्यावरून गेली आणि आमच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. जरा लांब, वाळूवर चकचकीत मासळीचे ढीग मोकळेच पडले होते. अत्तींना ते आवडलं. एवढी मासळी, वर भांडण नाही. तिथं उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी खुणेनं विचारलं. ती हसली आणि हवी तेवढी घ्या असा हात केला. फुकट घेणं अत्तींना जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी डब्यातून बांधून आणलेलं कडक भाकरीचं गाठोडं तिच्या हातात ठेवलं. मग पदर नाकाला लावून त्या वाकल्या आणि जन्मात कधी न शिवलेली मासळी ओंजळीनं टोपलीत भरू लागल्या. मी दुसरीकडे तोंड करून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला ओकारी येत होती.

वाटेत लोक बाजूला सरत होते. मासळी म्हटलं की घाण वास यायचाच, असं आम्ही धरून चाललो.

अंगणात टोपली ठेवली तर राघोबांनी धोतराचा सोगा नाकाला लावला. "अहो रुद्रम्मा, ही सडलेली तारली मासळी. माडांच्या मुळात खत म्हणून घालतात ही."

अत्तींचा चेहरा उतरला. पण घटकाभरच. त्यांनी टोपली पुन्हा उचलली. "मग खायची कुठली ते दाखवा. मी परत जाते."

तेवढ्यात सत्यभामाबाई दारात आल्या. त्यांनी टोपली पाहिली. मग अत्तींचे हात पाहिले, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. आधी त्या हसल्या, पोट धरून हसल्या. "गो रुद्रम्मा, मला काय माड समजलीस?" आणि हसता हसता तिथंच पायरीवर बसून रडायला लागल्या.

"भांडी काढतीस का पुन्हा जाऊ?" अत्ती म्हणाल्या.

राघोबा बांगडे आणायला धावत गेले. त्या वयाचा माणूस इतका धावताना मी पाहिला नव्हता.

दुपारी माळ्यावरची भांडी खाली आली. यजमान ओटीवर जेवले. मी भिंतीला टेकून बसले. अत्तींनी मात्र सत्यभामाबाईंच्या शेजारी पाट घेतला आणि आपल्या ताटात भाकरी-चटणी वाढून घेतली. सत्यभामाबाईंनी भात कालवला, घास उचलला आणि परत ठेवला.

"तुझ्यासमोर नाही उतरत गो."

अत्तींनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "काटा कुठं असतो ह्याला?"

सत्यभामाबाईंनी बोटानं दाखवलं. अत्तींनी काटा काढला. ज्या हातानं सकाळी लिंगपूजा केली होती, त्याच हातानं भात आणि बांगडा कालवला आणि घास सत्यभामाबाईंच्या तोंडापुढं धरला.

"खा. सोलापुरात राहिलेला घास हाय ह्यो."

त्यांनी खाल्ला. डोळे मिटून, सावकाश चावून खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. ताट रिकामं होईपर्यंत अत्तींनी हात थांबवला नाही.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. वाटलं, आता डोक्यावरून अंघोळ करतील, उपास धरतील, स्वामींकडून पुन्हा दीक्षा घ्यायची म्हणतील. अत्तींनी परसात जाऊन हात धुतला. एकदाच, रोज धुतात तसा. मग पुन्हा पाटावर येऊन बसल्या आणि त्याच हातानं आपली उरलेली भाकरी मोडून खाल्ली.