पापी बसला की बंद पडणारी मोटार

मोहटोल्याच्या खळ्यांवर त्या दिवशी धान झोडायला एक माणूस नव्हता. सगळं गाव आंब्याच्या झाडाखाली जमलं होतं आणि आसपासच्या गावांतूनही बंड्या जुंपून लोक आले होते. गर्दीच्या मधोमध एक मोटार उभी होती. लहानशी, काळी, ताडपत्रीच्या टपाची. दिव्यांना झेंडूच्या माळा, बॉनेटवर शेंदराचे पट्टे. शेजारी भगव्या लुंगीवर खाकी कोट घातलेला मोटारबाबा घसा ताणून ओरडत होता.

"माणूस झूठ बोलते, वकील झूठ बोलते, इंजन झूठ नाई बोलत! सच्चा बसला तर मोटार चालन, पापी बसला तर बंद पडन! माताचा हुकूम हाये बाप्पा!"

पंचावन्न सालचा कार्तिक होता. मी कुरखेड्याच्या दवाखान्यात डॉक्टर होतो आणि माझ्याकडेही अशीच एक जुनी, छोटी मोटार होती. गावचे पाटील गुणवंतराव यांची नात चंदा तापाने फणफणली होती, म्हणून मला बोलावणं आलं होतं. आठवड्यापूर्वी त्यांचा नातू, चंदाचा भाऊ, अशाच तापाने गेला, तेव्हा मात्र कोणी बोलावलं नव्हतं. या मुलीला तपासलं, तर सरळ हिवताप होता. पहिल्या गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या आणि बाहेर आलो, तर हा तमाशा.

"कोणाची परीक्षा आहे?" मी पाटलांना विचारलं.

"बुधरीची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिनं माह्या नातवाले शिंगाडे खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी त्याले ताप आला. आता चंदीलेही आला. जादूटोणा करून राह्यली ते."

बुधरी गोंड टोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली विधवा. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. दोन बायांनी तिला दंडाला धरून मोटारीत मागे बसवलं. तिचा भाऊ बिरजू गर्दीतून पुन्हा पुन्हा सांगत होता, "माही बहीण तशी नाई जी, कोणाले बी विचारा."

बाबाने आधी पाटलांच्या गड्याला बसवून दाखवलं. मोटार आंब्यापासून निघाली, मोहाखालच्या देवीच्या दगडाला वळसा घालून फटफटत परत आली. टाळ्या झाल्या. मग बुधरीची पाळी. बाबा डॅशबोर्डावर डोकं टेकवून पुटपुटला, मोटार निघाली, त्याचे दोन्ही हात चाकावर सगळ्यांना दिसत होते. देवीचा दगड जवळ आला तसं इंजिन अडखळलं, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडलं.

गर्दी एकदम मोटारीकडे सरकली. "माताजी बोलली!" बाबा ओरडला. टाकीचं झाकण काढून त्याने आत काडी बुडवली आणि ओली काडी सगळ्यांना दाखवली. "पेट्रोल भरून हाये, पाहून घ्या! तरी बंद! काऊन? पाप जड झालं!" मग त्याने इंजिनावर तीर्थ शिंपडलं, पुन्हा डॅशबोर्डावर डोकं टेकवलं, बुधरीला खाली उतरवलं आणि हँडल मारलं. मोटार लगेच सुरू झाली.

उद्या दुपारी बुधरीचे केस कापून तिला गावाबाहेर काढायचं आणि तिची झोपडी जाळायची, असं तिथल्या तिथे ठरलं.

आता मी स्वभावानेच शंकेखोर आहे. दूधवाला आला की मी आधी दुधाकडे बघतो, मग त्याच्याकडे. पण त्या दिवशी मला संशय आला तो मोटार बंद पडल्याचा नव्हता. माझी मोटार कुरखेड्याहून आरमोरीला जाताना तीनदा बंद पडते. पावसात प्लग भिजतात, उन्हात पाणी उकळतं, कार्बुरेटरच्या जेटच्या बारीक भोकात कचरा अडकतो. चार सिलिंडर, सात घोड्यांची ताकद आणि वीस वर्षांचं वय, एवढ्या भांडवलावर ते बिचारं इंजिन आणखी काय करणार? ते चोरासाठी बंद पडतं आणि कीर्तनकारासाठीही पडतं. आणि या बाबाची मोटार, गावोगाव धूळ खात फिरून, पाप्याखेरीज कोणासाठीच कधी बंद पडत नव्हती! इतकं भरवशाचं इंजिन मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझा संशय तिथे होता.

शिवाय त्या उचक्या. प्लगची वीज तुटली की इंजिन एकदम गप्प होतं. उचक्या देत मरतं ते पेट्रोल न मिळाल्यावर. टाकी तर भरलेली होती, म्हणजे पेट्रोल वाटेत कुठेतरी अडत होतं.

पाटलांच्या ओसरीवर मी बराच वेळ डोकं धरून बसलो. तेवढ्यात पाटलांची आई रुखमाबाई काठी टेकत आल्या. सत्तरीच्या वर वय, पण सगळं गाव त्यांना वचकून असे. "डाक्टर, ते बाई चेटकीण नाई," त्या म्हणाल्या. "माहे सगळे नातू-पणतू तिच्या हातावर जलमले. मारायचे असते तर तवाच नसते मारले? पण गुणवंता आयकून नाई राह्यला. नातू गेला ना त्याचा, डोकं ठिकाणावर नाई."

"बाई, मोटार बंद पाडतो तो बाबाच. कशी, ते मला बहुतेक समजलंय. पण मी नुसतं सांगितलं तर लोक म्हणतील, डॉक्टर शहरातला, त्याला देव काय कळतो."

"मंग बाबाच्याच तोंडून वदवा."

मी बेत सांगितला. दोन बायांना डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत घोंगडीत गुंडाळायचं आणि एकेकीला मोटारीत बसवायचं. मोटार जर खरंच पाप ओळखत असेल, तर घोंगडीने काय बिघडतं?

रुखमाबाईंनी मान हलवली. "तो नाकानं ओळखन. टोल्यावरच्या बाया डोक्याले मोहाच्या टोळीचं, म्हंजे बियांचं, तेल लावते, आमी तिळाचं लावतो. टोळीचा वास दुरून येते." मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. "ओळखू द्या ना जी त्याले. आनखी सोपं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भर गर्दीत बाबाला वाकून नमस्कार केला. "बाबा, तुमच्या मोटारीचा न्याय मोठा. पण फाशीच्या कैद्यालाही अपील असतं. पुन्हा एकदा होऊ द्या. या दोन बाया घोंगडीत आहेत, त्यातली एक बुधरी. माताजीला घोंगडीतून दिसत असेलच की?"

बाबाचे डोळे बारीक झाले. "माताले टेस्ट नाई करत, डाक्टर. कोप होईन."

"काऊन होईन?" मागून कोणीतरी म्हणालं. "माताले घोंगडी आड येते का?" गर्दी हसली. नाही म्हणायची सोय बाबाला उरली नाही.

पहिली बाई मागे बसली. बाबाने वळून पाहिलं, नाक जरा वर केलं, डॅशबोर्डावर डोकं टेकवलं. मोटार निघाली, देवीच्या दगडाला वळसा घालून परत आली. "बेकसूर!" तो ओरडला. "गंगामाईवानी साफ बाई हाये! कोन्या चांगल्या घरची लक्षुमी हाये!"

दुसरी बसली. टोळीच्या तेलाचा वास मला बाहेरसुद्धा आला. बाबाचा चेहरा उजळला. मोटार निघाली, आणि दगडाच्या अलीकडे उचक्या देऊन थांबली. बाबाने खाली उडी मारली. "हेच ते चेटकीण! पोट्टे खानारी! माताजीनं धरली! काहाडा घोंगडी!"

घोंगडी बाजूला झाली. आत रुखमाबाई होत्या, पांढऱ्या केसांवर पावशेर तेल थापून.

"म्या माहा पणतू खाल्ला का रे, मुडद्या?" त्या म्हणाल्या.

मग पहिली घोंगडी सरकली. आतून बुधरी बाहेर आली, केसांना तिळाचं तेल. गुणवंतराव एकदा आईकडे बघत होते, एकदा बुधरीकडे. बाबा जंगलाच्या बाजूने हळूच पावलं टाकू लागला, तेव्हा बिरजूने त्याचा खाकी कोट मागून धरला.

"मारू नका त्याला," मी म्हणालो. "आधी मोटार बघा."

मी बॉनेट उघडलं. अशा मोटारीत पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर असते. पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून खाली कार्बुरेटरच्या वाटीत उतरतं आणि तिथून इंजिनाला मिळतं. नळीच्या तोंडाशी एक कॉक, म्हणजे छोटी तोटी, असतो. बाबाने त्या कॉकला लांब दांडी जोडून ती थेट आपल्या पायापाशी आणली होती. डोकं टेकवताना पायाच्या अंगठ्याने दांडी दाबली की टाकी भरलेली राहून पेट्रोल बंद. पण वाटीत थोडं उरलेलं असतं, त्यावर मोटार देवीच्या दगडापर्यंत जाते. ती थांबते तेव्हा बाबाचे हात चाकावर आणि काम मात्र केव्हाच झालेलं. पुन्हा डोकं टेकवलं की दांडी वर, पेट्रोल चालू.

मला हे सुचलं कारण मी स्वतः रोज तेच करतो. माझ्या मोटारीची वाटी रात्रभर गळते, म्हणून घरी येताना नाक्यावरच्या चिंचेपाशीच मी कॉक बंद करतो आणि उरलेल्या पेट्रोलवर बरोबर माझ्या दारात येऊन थांबतो. कॉक बंद केल्यापासून मोटार थांबेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यामुळे मला ठाऊक होतं.

"बसा पाटील," मी म्हणालो. गुणवंतराव बसले. मी चाकामागे बसलो, कॉक बंद केला आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता मोटार दगडापाशी थांबेल." ती थांबली. पाटील पापी ठरले! मग तर लोकांची रीघ लागली. ज्याला त्याला पापी व्हायचं होतं. हसता हसता बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. बुधरी तेवढी हसली नाही. ती आंब्याच्या खोडाला टेकून आपल्या केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, आणि ते पाहून मला माझ्या करामतीची लाज वाटली. ही बाई काल रात्रभर आपली झोपडी जळण्याची वाट बघत बसली होती.

बाबाला पोलीसपाटलाच्या हवाली केलं. चंदाला दवाखान्यात न्यायचं होतं. पोरगी कोणाच्या मांडीवर राहीना, शेवटी बुधरीनेच तिला घेतलं. रुखमाबाई आणि गुणवंतरावही बसले, आणि माझी मोटार कुरखेड्याच्या वाटेला लागली.

साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, रानात ती खोकली, उचक्या देऊ लागली आणि थांबली.

या खेपेला मी काहीच केलं नव्हतं. बुधरीचा चेहरा राखेसारखा झाला. तिने पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. गुणवंतराव तिच्याकडे बघू लागले. मी त्यांचे डोळे पाहिले आणि मला खरोखर भीती वाटली.

"तिच्याकडं काय पाह्यतं रे गुणवंता?" रुखमाबाई कडाडल्या. "खाली उतर आन् इंजन पाह्य!"

ते उतरले. मी त्यांच्या हातात पाना दिला. जेट काढला, त्यात वाळूचा कण अडकला होता. गुणवंतरावांनी स्वतः फुंकर मारून तो उडवला, हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. परत बसताना ते बुधरीला म्हणाले, "बाई, माफ करजो."

चंदा बरी झाली. तिच्या भावालाही त्याच गोळ्या मिळाल्या असत्या तर तोही आज असता, हे मला विसरता येत नाही. वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मोटार बंद पडली तर बॉनेट उघडा. पोराला ताप आला तर डॉक्टर बोलवा. कारण सापडायला वेळ लागेल, कधी सापडणारही नाही, तरी इंजिनातच शोधा, तापातच शोधा. शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघून ते सापडणार नाही.