नळीच्या दिव्याखाली शिवलेले कोट

पारनेरात गहिनीनाथ बगाडे टेलरच्या दुकानात शंभर-शंभरचे दोन बल्ब होते, तेव्हाचा उकाडा सांगितला तर तुम्ही विश्वास ठेवायचे नाहीत, म्हणून थोडा कमी करून सांगतो. त्याची बायको भागिरथी त्या दोन बल्बांच्या मधोमध कुरडया वाळत घालायची, आणि संध्याकाळी तळायला काढाव्यात तर निम्म्या आधीच फुललेल्या. इस्त्री कोळशाची होती, पण तिच्यात कोळसे घातलेले मी फारसे पाहिले नाहीत. आणि मीटर! दुकान पुढे, घर मागे, मीटर एकच. त्याची चकती अशी गरगरायची की रीडिंग घ्यायला आलेला माणूस आधी भिंतीला हात टेकून उभा राहायचा.

“लाईटबिल तुमचं दुकान खातं,” भागिरथी म्हणायची, “आन् नाव माझ्या सैपाकघराचं घेता व्हय?”

“सैपाकघरातला साठाचा बल्ब दिवसभर कोन लावून ठिवतं मंग?”

“मी लावते. माझ्या सैपाकघराला खिडकी तुमच्या बापानं ठिवली न्हाई, म्हनून लावते.”

हे भांडण मी त्यांच्या ओट्यावर बसून इतक्या वेळा ऐकलं होतं की मधे कुणाला खोकला आला तर त्याचं वाक्य मी पुरं करायचो.

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात हे भांडण मिटवायला आबासाहेब आला. त्याचं एस.टी. स्टँडजवळ इलेक्ट्रिकचं दुकान. येताना त्यानं दोन नवे दिवे आणले होते. काचेची नळी मधे दुमडलेली, बुडाला पांढरा डबा. तो त्याला सीएफएल म्हणायचा. आम्ही आपले नळीचा दिवा म्हणायचो. आबासाहेबानं सगळ्यांना मीटरपुढे उभं केलं. घरातलं बाकी सगळं बंद. आधी जुना बल्ब लावला. चकती पळाली. मग बल्ब काढून नळीचा दिवा लावला. रुसलेली मावशी मांडवात येते ना, तशी चकती निघाली. एक पाऊल टाकते, थांबते, कुणी बोलावतंय का बघते.

गहिनीनाथ हरखला. “आन् उजेड?”

“दिवसासारखा, मास्तर! डोळं झाकलं तर कळायचं न्हाई दिवस हाय का रात.”

“आबासाहेब,” मी म्हणालो, “डोळे झाकल्यावर चिमणीच्या उजेडातसुद्धा कळत नाही.”

“नाना, तुमी मधी बोलू नका. धंद्याचा टाईम हाय.”

दोन्ही दिवे राहिले. एक दुकानात लागला, एक सैपाकघरात. सैपाकघरातला एका संध्याकाळचा पाहुणा ठरला. भागिरथी तो काढून हातात धरून दुकानात आली, तव्यावरची भाकरी धरून आल्यासारखी.

“न्ह्या हे तुमचं. भाकरी भाजली का कच्ची, काय कळंना. हळद टाकली तर भाजी दवाखान्यातून आल्यावानी दिसती. माझा पिवळा बल्ब द्या इकडं.”

“अगं, पन चकती बघ की!”

“चकती काय ताटात वाढू?”

असा निकाल झाला. दुकानात दोन पांढरे दिवे, सैपाकघरात एक पिवळा बल्ब. नवराबायकोत शांतता नांदू लागली आणि ओट्यावर बसून ऐकण्यासारखं मला काही उरलं नाही.

आता खरी गंमत. गहिनीनाथच्या घराण्यात पद्धत अशी की रंग जुळवायचा तो उन्हात. अस्तर असो, दोरा असो, गुंडी असो, उचलायची आणि ओट्याच्या कडेला यायचं. त्याच्या वडिलांना मी पाहिलंय. आभाळ आलं तर गिऱ्हाइकाला सांगायचे, आज रंग नाही, उद्या या. पण नळीचे दिवे लागले आणि गहिनीनाथानं ओट्यावर येणं सोडलं. “आता दिवस दुकानातच हाय, नाना,” म्हणायचा. “भायेर कशाला जायाचं?”

तशात भीमराज आला. भीमराज साळवे, पारनेरचा बँडमास्तर. कॉर्नेट असा वाजवायचा की सुप्याच्या म्हशी पान्हवायच्या. अंतर तुम्ही नकाशात बघा. त्या दिवशी मात्र तो हळू आवाजात बोलत होता. म्हणजे बातमी मोठी होती.

“जय भीम, मास्तर. जय भीम, नाना. औंदा नगरच्या मिरवनुकीत जयंतीला पुढचा बँड आपला.”

चौदा एप्रिलच्या त्या मिरवणुकीत सर्वात पुढे चालायचा मान दरसाल बाहेरगावच्या मोठ्या बँडाला जायचा. भीमराजच्या वडिलांनी जन्मभर शेवटून दुसऱ्या जागी ढोल वाजवला होता. म्हातारा आता खाटेवरून उठत नव्हता, पण त्यानं सांगून ठेवलं होतं, मला जीपमध्ये घाला आणि घेऊन चला.

“बारा कोट पायजेत,” भीमराज म्हणाला. “निळं. निळं म्हंजी निळं, मास्तर. सगळं एका आईची लेकरं दिसली पायजेत.”

नगरच्या कापडबाजारातून गहिनीनाथानं निळं कापड आणलं, ते सहा कोटांनाच पुरलं. ताका संपला होता. मग एका फिरत्या कापडवाल्याकडे तसलंच निळं निघालं. गहिनीनाथानं दोन्ही तुकडे नळीच्या दिव्याखाली एकमेकांवर ठेवले, डोकं तिरकं करून पाहिले, भीमराजला दाखवले. काही फरक नाही. सहा कोट ह्या कापडाचे, सहा त्या. सोनेरी फीत, पितळी गुंड्या, खांद्यावर झुबके. असलं काम त्यानं स्वतःच्या लग्नातही अंगावर घातलं नव्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा भीमराज आपली माणसं घेऊन कोट न्यायला आला. बाराही जणांनी दुकानातच घातले. दुकान इतकं भरलं की ट्रंबोनवाल्या सहादेवला दांडी ओढायची तर दोघांना श्वास सोडावा लागे. पांढऱ्या उजेडात सगळे एकसारखे झळकत होते. भीमराजचे डोळे भरून आले.

“चला,” तो म्हणाला, “गल्लीत एक चाल वाजवू. मास्तरांच्या दारात पयली.”

बाहेर आले, दोन रांगा झाल्या, कॉर्नेट तोंडाला लागला. तेवढ्यात डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बनुबाई समोरून आली आणि थांबली. बनुबाई बाजारातून घरी जाताना पाटीतलं उरलेलं आणि तोंडातलं उरलेलं, दोन्ही गल्लीत संपवून जायची.

“का रं भीमराज, दोन पारट्या एक केल्या व्हय?”

“कसल्या दोन?”

“हे सा निळं. आन् हे सा...” तिनं पाटीतलं एक वांगं काढलं आणि सहादेवच्या छातीला लावलं. “हे बघ. जरा बी फरक न्हाई.”

खरंच नव्हता. सहा कोट निळे आणि सहा लख्ख जांभळे. गल्लीत अशी शांतता झाली की गुंड्या चमकल्याचा आवाज यावा.

गहिनीनाथानं सहादेवला दंडाला धरून आत ओढलं. आत निळा. बाहेर आणलं. वांगं. पुन्हा आत. निळा. पुन्हा बाहेर. सहादेवच्या इतक्या खेपा झाल्या की त्याच्या बुटांनी उंबऱ्याला पडलेली खोबण आजही दाखवता येईल. बघायला माणसं जमली. कुणी म्हणालं कापडाला बाहेरची हवा लागते, कुणी म्हणालं भुताटकी. कुणीतरी आबासाहेबाला बोलावून आणलं.

“आबासाहेब! दिवसासारखा उजेड म्हनला हुता ना तू?”

“दिवसासारखा म्हनलो, मास्तर,” आबासाहेब दोन पावलं मागं सरकून म्हणाला. “दिवस म्हनलो न्हाई.”

भीमराज ओट्यावर बसला. कॉर्नेट मांडीवर. “उद्या आख्खं नगर बघनार,” तो म्हणाला. “आमचं म्हातारं जीपमधी बसून बघनार. आन् पुढं चाललाय कोन? निम्मा बँड, निम्मी भाजी. जुनंच खाकी घालतो मास्तर, ऱ्हाऊ द्या.”

जुन्या खाकीला कोपरापाशी ठिगळं होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गहिनीनाथाला तर जास्तच, कारण ती त्यानंच लावली होती. तो गळ्यातली टेप काढून तिची गुंडाळी करत राहिला.

भागिरथी दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं पुढं होऊन भीमराजच्या निळ्या कोटाची बाही चिमटीत धरली, मग सहादेवच्या जांभळ्या कोटाची.

“भावजी, पोलक्याला कापड कमी पडलं तर आमी बाया काय करतो?”

“काय म्हाईत, वयनी. मी पोलकं कवा घातलं न्हाई.”

“अंग एक, बाह्या दुसऱ्या. लोकं म्हनत्यात, काय फॅशन हाय! निळ्याला जांभळ्या बाह्या लावा, जांभळ्याला निळ्या. कॉलर बी बदला. पुढच्या रांगंत निळं अंग, मागच्या रांगंत जांभळं. मंग कोन म्हनंल चुकलं?”

तिनं दुकानातले उरलेले तुकडे आणले, उन्हात जांभळा निघाला तो दोन टाचण्यांनी भीमराजच्या दंडावर अडकवला आणि सोनेरी फीत वर केली. भीमराजनं शेजारच्या जीपच्या आरशात पाहिलं. आधी एका डोळ्यानं, मग दोन्ही. पाठ आपोआप ताठ झाली.

“पलटनीतल्यावानी दिसतंय जरा,” तो पुटपुटला. “पन आज व्हईल का?”

गहिनीनाथ तोपर्यंत आत जाऊन ब्लेड घेऊन बसला होता. अंगावरचे कोट उतरवले, बाह्या उसवायला सुरुवात. राग, लाज आणि घाई अशी तिन्ही एका हातात आल्यावर काय वेग येतो, ते मी पाहिलं. दोऱ्यांचा असा पाऊस उडाला की मांजर शिंकून शिंकून आबासाहेबाच्या दुकानापर्यंत गेलं. दिवेलागणीला चोवीस बाह्या आणि बारा कॉलर एका ढिगात पडल्या होत्या.

गहिनीनाथानं ढिगातून एक बाही उचलली. दुसरी उचलली. तिसरी. मग माझ्याकडे पाहिलं.

“नाना, ही कोंची?”

वर नळीचे दिवे शांतपणे जळत होते. ढिगातली प्रत्येक बाही निळी होती. बाहेर सूर्य बुडालेला.

“निळी,” मी म्हणालो.

“आन् ही?”

“ही पण निळीच. सूर्य उगवला की सांगतो.”

गहिनीनाथानं मला कात्री मारली नाही, ही त्याच्या आईवडिलांची शिकवण. भीमराजच्या माणसांनी बाह्या हुंगून पाहिल्या. सहादेवनं तर एक चाटून पाहिली आणि खात्रीनं सांगितलं की ही वांग्याची. ती निळी निघाली, पण ते नंतर.

कशी कळली? आतून भागिरथीनं हाक मारली, “आवं, मानसं खोळंबलीत, जेवून घ्या.” सहादेव बाही हातात घेऊनच आत गेला, आणि चुलीपुढे, त्या पिवळ्या बल्बाखाली पोचल्या पोचल्या ओरडला, “मास्तर! हितं दिसतंय!”

सगळे आत धावले. पिवळ्या उजेडात निळ्या बाह्या काळपट पडल्या होत्या आणि जांभळ्या लालसर. आंधळ्यानंसुद्धा वेगळ्या केल्या असत्या.

शिलाईमशीन सैपाकघरात आलं. भागिरथी एका हातानं भाकरी थापायची, दुसऱ्या हातानं बाही उचलून सांगायची, “निळी. जांभळी. जांभळी. निळी. पीठ लागलं, झटका.” गहिनीनाथ चुलीजवळ मशीन मारत होता, भीमराज काज बघत होता, सहादेव जेवत होता. ठेचा तव्यावर पडला की बाराही कोट एकदम ठसकायचे, असं मला तरी वाटलं. कोंबडं आरवायच्या आत शेवटची बाही बसली.

दुसऱ्या दिवशी नगरात जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. भीमराजचा बँड सर्वात पुढे निघाला. पहिली रांग निळी, बाह्या जांभळ्या. मागची जांभळी, बाह्या निळ्या. हात वर गेले की एक रंग, खाली आले की दुसरा. लोक माना वळवून बघत होते. जीपमध्ये म्हातारा उशीला टेकून बसला होता आणि दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होता.

माझ्याशेजारी पाथर्डीचा एक बँडवाला उभा होता, मच्छिंद्र नावाचा. त्यानं विचारलं, “ह्ये दोन रंगांचं काय हाय?”

माझ्या तोंडातून काय निघावं! “निळं अंग असलेले नोटेशन वाचून वाजवतात,” मी म्हणालो, “आणि जांभळे नुसत्या कानावर. लष्करात असंच असतं.”

त्यानं मान डोलावली. मिरवणूक पुढच्या चौकात पोचेपर्यंत ही माहिती माझ्याआधी पोचली होती. एक गृहस्थ मलाच समजावून सांगू लागले, आणि त्यात त्यांनी विलायतेच्या राणीचा बँडही घातला. संध्याकाळी भीमराज हेच वर्तमानपत्रवाल्याला सांगताना मी ऐकलं. वर माझ्याकडे बघून म्हणतो, “नाना, तुमाला म्हाईत नसंल.”

पंधरा दिवसांत मच्छिंद्र पारनेरला हजर. “बारा कोट. भीमराजचं हायेत तसंच.”

गहिनीनाथ शहाणा झाला होता. मच्छिंद्राला ओट्याच्या कडेला नेलं, उन्हात दोन ताके उलगडले. एक निळा, एक जांभळा. मच्छिंद्रानं ते आत नळीच्या दिव्याखाली नेऊन पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

“ह्ये न्हाई. ह्ये तर आत बी येगळं दिसतंय. भीमराज म्हनला, त्याचं कोट घरात एका रंगाचं दिसत्यात, उन्हात दोन हुत्यात. आमाला तसलंच पायजे. नुसतं दोन रंग तर आमच्या पाथर्डीचा टेलर बी शिवतो.”

तो फिरता कापडवाला पुन्हा कधी फिरकला नाही. त्यामुळे गहिनीनाथ तेव्हापासून नळीच्या दिव्याखाली निळ्याचे तुकडे मांडून बसतो. दोन अगदी एकसारखे दिसले की एक-एक करून दारातून बाहेर फेकतो. बाहेर भागिरथी उन्हात उभी. ती तुकडे डोळ्यांपुढे धरते आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते,

“आवं, हितं बी सारखंच हायती! पुन्यांदा बघा, आजून चुकलं न्हाई!”